वरचा बोल्ट

आजींची धाकटी बहीण चारच्या गाडीने मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. तिला निरोप द्यायला स्टेशनवर जायचं, तर टॅक्सीवाल्यांचा संप, आणि घरची हायब्रिड कार जॅकवर चढलेली! जावयाने तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलायचा घाट घातला होता. व्हिडिओ तीनदा पाहून झाला होता.

आजी तयार होऊन पायरीवर बसल्या होत्या. "जावईबापू, खालून ऑइल सोडण्याआधी वरचा, नवं भरायचा बोल्ट उघडतो का बघा."

"आई, ही हायब्रिड आहे. बाबांच्या गॅरेजातला खटारा नव्हे."

जावयाने खालचा बोल्ट सोडला. जुनं ऑइल ट्रेमध्ये सगळं उतरलं, आणि वरचा बोल्ट जागचा हलेना. जावई घामाघूम झाला. तीन वाजले.

"आई, बाबा अशा वेळी काय करायचे?"

"आधी मला शिव्या द्यायचे," आजी म्हणाल्या. मागच्या दारातून त्यांनी लोखंडी पाइप आणला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. "आता टोकाला धरा, आणि दमानं रेटा."

बोल्ट कुरकुरत फिरला. नवं ऑइल मापात भरलं, आणि गाडी सुटायला दहा मिनिटं असताना दोघं फलाटावर पोचली.

"घरीच बदललं ऑइल, मावशी," जावई म्हणाला. "अगदी सोपं असतं."

"नशीब काढलंस गं ताई!"

"तर काय!" आजींनी बहिणीचा हात घट्ट धरला. "मला तर पायरीवरून उठूसुद्धा दिलं नाही."