पहिली नोट

माझ्या सासूबाईंचा पिवळा मसाला दक्षिण थायलंडातल्या आमच्या साऱ्या फत्तलुंगमध्ये नावाजलेला. ओली हळद, गवती चहाचे बुंधे आणि मिरच्या. चमचाभर जास्त पडला की जेवणारा डोळे पुसत बसतो. जपानच्या एका दुकानदाराला तो आवडला, पण स्वच्छतेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राशिवाय एकही डबा घ्यायला तो तयार नव्हता. मागणी आली तर माझा नवरा अनन कोरियातलं कोबीच्या शेतावरचं काम सोडून घरी येणार होता. आमची पुई दोन वर्षांची. तिच्या लेखी बाप म्हणजे फोन. 'बाबा कुठेय?' विचारलं की ती माझा खिसा चाचपायची.

सरकारी योजनेत तपासणीचं अर्धं शुल्क आणि शिकवायला माणूस मिळतो, म्हणून अर्ज केला. जिल्हा उद्योग कार्यालयाने रत्तियाताईंना पाठवलं. मला वाटलं, येतील, फोटो काढतील, जातील. त्या आल्या, गमबूट चढवले आणि थेट मोरीपाशी उकिडव्या बसल्या.

"मावशी, इथून झुरळं येतात."

"आमच्याकडे झुरळं नाहीत," सासूबाई फणकारल्या.

"मी झुरळ असते तर इथंच संसार थाटला असता."

सासूबाईंना हसू आवरेना. मोरीला जाळी बसली.

त्यानंतर ताई दर आठवड्याला येत राहिल्या. टोप्या आल्या, हातमोजे आले, वाटणाच्या खोलीला काचेचं दार लागलं. पुईला आत बंदी. ती काचेला नाक चिकटवून उभी राहायची आणि माझं अर्धं लक्ष तिच्यावर, अर्धं मिरच्यांवर.

तपासणीच्या रंगीत तालमीच्या दिवशी ताईंसमोर सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात घराच्या पुढच्या भागातल्या आमच्या दुकानात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आलं. सासूबाईंनी नोट घेतली आणि नेहमीसारख्या, टोपी-हातमोज्यांसकट, आत येऊन प्रत्येक उघड्या घमेल्यातल्या मसाल्यावर ती टपटप मारत सुटल्या. "विक्री होवो! विक्री होवो!"

मासळीबाजारातून फिरून आलेली नोट! आणि इतके दिवस मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. भवानीची नोट मालाला लावायची, हे आम्हाला श्वासासारखं.

ताई ओरडल्या नाहीत. "माझी आईसुद्धा मासळीवर अशीच नोट मारते. मावशी, भाग्याला झाकण अडवतं का गं?"

"त्याला कोण अडवणार?"

"मग बंद खोक्यांवर मार ना, बाहेरच्या गोदामात. सील लागलं की माल खरा तयार. त्याआधी नशीब लावून काय उपयोग?"

"चाळीस वर्षांची सवय आहे, पोरी."

"म्हणून तर आजच सांगितलं. तपासणीच्या दिवशी मला तोंड उघडता येत नाही."

तपासणीला बँकॉकहून एक गंभीर गृहस्थ आले. ताई खरोखरच भिंतीशी गप्प उभ्या. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. सासूबाई नोट घेऊन सवयीने काचेच्या दाराकडे निघाल्या. मला हाक मारावीशी वाटली, पण गृहस्थ शेजारीच उभे होते. दाराला नाक लावून पुई उभी होती. तिच्यापाशी त्या थबकल्या. आत वाटणाची घमेली उघडी होती. त्यांनी एकदा घमेल्यांकडे पाहिलं, एकदा पुईकडे. मग तिला कडेवर घेऊन त्या गोदामात गेल्या. खोक्यांवर टपटप ऐकू आली.

परत आल्यावर पुईला खाली सोडून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले.

"हे काय होतं?" गृहस्थांनी विचारलं.

"भाग्य. ते बाहेर थांबतं, हात आत येतात."

गृहस्थ हसले नाहीत, पण मान डोलावली. भिंतीशी उभ्या ताईंनी डोळे मिटून घेतले होते. पगारासाठी कुणी इतकं घाबरत नाही, एवढं मला कळलं.

प्रमाणपत्र आलं, मागणीही आली. अनन आला त्या सकाळी पुई माझ्यामागे लपली. फोनएवढा बाप एवढा मोठा कसा झाला, तिला कळेना. मग सासूबाईंच्या हातातली पहिली नोट ओढून घेत ती पुढे झाली आणि त्याच्या कुलूपबंद बॅगेवर टपटप मारू लागली.

अनन तिच्यासमोर खाली बसला. तिने एक टपली त्याच्या गुडघ्यावरही मारली.