एका पायावर दहा उड्या

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी क्लेअर परगण्यातले आम्ही एकतीस आयरिश नृत्यशिक्षक एनिसच्या एका हॉटेलात जमलो. जमलो म्हणजे जमवले गेलो. नर्तकांच्या आरोग्याचं सहा तासांचं प्रशिक्षण घेतलं नाही, तर पुढल्या वर्षी स्पर्धेत मुलं उतरवता येणार नाहीत, असं पत्र आलं होतं. पत्रात 'स्वेच्छेने' हा शब्द दोनदा होता.

माझ्या शेजारी मिसेस हेहिर बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. मी सात वर्षांचा असताना त्यांनी माझ्या दोन्ही काखांत एकेक पोस्टकार्ड धरायला लावून मला नाच शिकवला. कार्ड पडलं की नाच पहिल्यापासून. आज मी त्रेपन्न वर्षांचा आहे, इतिहासात एम.ए. आहे, किलरशमध्ये माझी स्वतःची शाळा आहे, आणि अजूनही त्यांच्या शेजारी बसलो की माझी कोपरं अंगाला चिकटतात.

शिकवायला कॉर्कहून एथ्ना लोगन नावाची फिजिओथेरपिस्ट आली होती. आपण आयुष्यात कधी नाचलो नाही, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. प्रामाणिक बाई. त्यामुळे पुढचे सहा तास तिचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

तिच्याकडे प्लास्टिकचं एक पाऊल होतं, नुसत्या हाडांचं. त्यातलं एक होडीच्या आकाराचं हाड तिनं वेगळं काढून दाखवलं. घोट्याच्या थोडं पुढे, पावलाच्या वरच्या अंगाला असतं. नाचणाऱ्यांच्या या हाडाला आधी केसाएवढी चीर जाते, दुखणं नीट जागा सांगत नाही, सूज येत नाही, आणि सगळे म्हणतात, मुरगळला असेल.

"दुखऱ्या पायावर मुलाला दहा उड्या मारायला लावा," ती म्हणाली. "दुखलं, तर नाच बंद आणि डॉक्टर. नाही दुखलं, तर या हाडावर बोटानं दाबून बघा. तिथे दुखलं, तर डॉक्टर. तुम्हाला नुसती शंका आली, तरी डॉक्टर."

"म्हणजे काहीही झालं तरी डॉक्टर," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर."

"मग उड्या कशाला?"

"कारण नुसतं दुखतंय म्हटल्यावर तुम्ही पाठवत नाही."

लोक हसले. ती हसली नाही.

"आणि चेहरा बघा," ती म्हणाली. "मूल खोटं बोलेल. चेहरा खोटं बोलणार नाही."

मिसेस हेहिर माझ्याकडे झुकल्या. "ऐकलंस का रे फर्गल? चेहरा बघा म्हणे. आमच्या पोरींचा!" आणि त्यांनी सँडविचमधली काकडी काढून बशीच्या कडेला ठेवली.

निघताना लोगन दारात उभं राहून प्रत्येकाला प्रमाणपत्र देत होती, आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती. "ही चाचणी आहे, परीक्षा नाही. इथे कुणाला पास करायचं नाहीये." मी मान डोलावली. मी शिक्षक आहे, मला मान डोलावणं चांगलं जमतं.

क्लिओना कॉन्सिडाइन तेव्हा सोळा वर्षांची होती. सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे यायची. अशी मुलगी शिक्षकाला एकदाच मिळते, आणि किलरशच्या शिक्षकाला बहुधा तीही मिळत नाही. नोव्हेंबरअखेर किलार्नीला मन्स्टर प्रांताची स्पर्धा होती. तिथून निवड झाली की ईस्टरला जागतिक स्पर्धा. माझ्या बावीस वर्षांत माझं एकही मूल तिथवर पोचलं नव्हतं. पोचणार असेल, तर हीच, आणि याच वर्षी. पुढल्या वर्षी तिची बारावी.

स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना ती सरावाच्या मध्येच थांबली. बूट काढला, पाऊल चोळलं, परत घातला. क्लिओना कधी थांबत नसे.

"काय झालं, बाळा?"

"काही नाही, फर्गल. बूट चावतोय."

त्या रात्री तिच्या आईचा फोन आला. जेराल्डीन गावच्या ग्रंथालयात काम करते आणि फोनवरही हळूच बोलते. "जिन्यावरून कठडा धरून उतरतेय हो. विचारलं तर म्हणते, काही नाही. डॉक्टरकडे नेऊ का? पण मग ते एमआरआय सांगणार, त्याचा नंबर लागेपर्यंत ख्रिसमस उजाडेल. आणि नाच बंद करा म्हणतील. तुम्ही सांगाल तसं, फर्गल. तुम्ही ते शिकून आलात ना?"

शिकून आलो होतो. प्रमाणपत्र हॉलच्या भिंतीवर, आग विझवायच्या नळकांड्याच्या वर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुली गेल्यावर मी क्लिओनाला थांबवून घेतलं. जेराल्डीन दारापाशी कोट घालून उभी होती.

"एक छोटी परीक्षा घेतो तुझी," मी म्हणालो. "डाव्या पायावर दहा उड्या."

आमच्या नाचात मुलांना बारा परीक्षा द्याव्या लागतात. पायरीपायरीनं, परीक्षक टेबलाशी बसलेला, हात सरळ, नजर समोर. क्लिओना बाराच्या बारा पहिल्याच खेपेस पास झाली होती. परीक्षा म्हटल्याबरोबर तिनं उजवा पाय उचलला, हात बाजूला सोडले, हनुवटी वर केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहून हसली. स्पर्धेतलं हसू. दात किती दाखवायचे, तेही मीच शिकवलेलं.

एक. दोन. तीन. जमिनीवर पाऊल उतरल्याचा आवाजसुद्धा नाही.

"कोपरं," मी म्हणालो.

तिनं कोपरं आवळली.

"टाच वर. पाऊल बाहेर वळव. हां, अशी."

सहा. सात. दर उडी आधीच्या उडीपेक्षा उंच जात होती. आठ. नऊ. दहाव्या उडीला ती अशी उतरली, की परीक्षक असतो तर शंभरापैकी शंभर दिले असते. मग दोन्ही पाय जुळवून तिनं वाकून नमस्कार केला.

"दुखलं?"

"नाही, फर्गल."

चेहरा बघितला. चेहऱ्यावर मी नऊ वर्षं घालवली होती, तिथे काही दिसायचं कारण नव्हतं.

पावलावर बोटानं दाबून बघायचं राहिलं होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी आम्हाला आणखी एक प्रशिक्षण झालं होतं, मुलांच्या अंगाला हात लावू नये, असं. ते मला अगदी वेळेवर आठवलं. तिची आई दारात उभी होती, तिला दाबायला सांगता आलं असतं, हे मात्र आठवलं नाही.

"कशी झाली?" क्लिओनानं विचारलं.

"छान झाली."

जेराल्डीननं सुस्कारा टाकला. "डॉक्टरची गरज नाही ना मग?"

"मी तपासलंय," मी म्हणालो.

किलार्नीला पहिल्या फेरीत ती तिसरी होती. दुसऱ्या फेरीत जड बूट घालून एकटीनं नाचायचं असतं, मोठ्या मंचावर. ॲकॉर्डियनवाल्यानं सुरुवात केली. मी पडद्याच्या कडेला उभा होतो, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला काही दुरुस्त करावंसं वाटत नव्हतं.

शेवटच्या सोळा मात्रा राहिल्या असताना ती एका उंच उडीवरून डाव्या पायावर उतरली. टक्क असा आवाज झाला. जड बुटांचे आवाज तसेच असतात. परीक्षकांपैकी एकानं मान वर केली, कौतुकानं. मला तो आवाज ओळखीचा वाटला नाही. पण ती हसत होती, ताल सुटला नव्हता, हात सरळ होते. उरलेल्या सोळा मात्रा ती नाचली. सोळाच्या सोळा. परीक्षकांना नमस्कार केला, वादकाला नमस्कार केला, चालत पडद्याआड आली, आणि प्रेक्षकांना दिसेनाशी झाल्यावर खाली बसली.

"फर्गल, बूट काढू नका," ती म्हणाली. "प्लीज, काढू नका."

 स्पर्धेसाठी घातलेला कुरळ्या केसांचा टोप एका बाजूला सरकला होता. ती अजून हसतच होती. थांबवायचं कसं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

निकाल जाहीर झाला तेव्हा आम्ही ॲम्ब्युलन्सच्या मागे मागे गाडीनं लिमरिकच्या इस्पितळाच्या वाटेवर होतो. ती चौथी आली होती. निवड झाली होती. मिसेस हेहिरनी फोन करून कळवलं. "तिची जागा मंचावर रिकामी होती रे," त्या म्हणाल्या, "पण टाळ्या खूप पडल्या."

हाडाचे दोन तुकडे झाले होते, आणि एक तुकडा सरकला होता. रात्रीच ऑपरेशन झालं. दोन स्क्रू घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो, तेव्हा जेराल्डीन पलंगाशी बसली होती. मला बघून ती उठली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"तुम्ही तरी तपासलंत, फर्गल. बाकीचे मास्तर एवढंसुद्धा करत नाहीत. कुणाला काय माहीत होतं!"

हे ऐकून घ्यायची माझी तयारी होती. ओशाळवाणं वाटलं, पण तयारी होती. आणखी दोन मिनिटं कोणी आलं नसतं, तर ते तसंच राहिलं असतं.

डॉक्टर इद्रिस आले. सुदानचे, तरुण, डोळ्यांत झोप. फोटो उजेडाकडे धरून त्यांनी क्लिओनाला विचारलं, "ही चीर कालची नाही. कडा जुन्या आहेत. कधीपासून दुखतंय?"

क्लिओनानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे असल्यासारखं.

"सांग त्यांना," मी म्हणालो.

"ऑगस्टपासून."

"आणि कोणी तपासलं नाही?"

"तपासलं," जेराल्डीन म्हणाली. "यांनी तपासलं. उड्या मारायला लावून. माझ्यासमोर. काही दुखत नव्हतं तेव्हा. हो ना गं?"

"दुखत होतं, मम्मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"परीक्षा होती ना ती," क्लिओना म्हणाली. तिला या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं होतं. "फर्गल म्हणाले परीक्षा घेतो. मला वाटलं, नाही जमलं तर किलार्नीला नेणार नाहीत. पाचव्या उडीला तर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग ते म्हणाले, कोपरं. मग मी कोपरांकडे लक्ष दिलं."

डॉक्टर इद्रिसनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की तेव्हाच आणलं असतं तर सहा-आठ आठवडे प्लास्टर आणि बहुधा एवढंच. आता ती चालेल. नीट चालेल. नाचायचं मात्र विसरायचं.

क्लिओनानं मान डोलावली. चेहरा होता तसाच.

 जेराल्डीननं पलंगावरची चादर नीट केली. नीटच होती ती. मग तिनं खुर्चीवरचा माझा कोट उचलला, झटकला, आणि मला घालायला धरावा तसा दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही निघा आता, फर्गल," ती तिच्या त्या ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाली. "रस्त्यावर बर्फ धरायच्या आत घरी पोचा."

मी कोट घातला. त्या दिवशी लिमरिकमध्ये अकरा अंश तापमान होतं, बर्फाचा मागमूस नव्हता.