जिनिंगच्या फाटकावरची सासू

मित्रांनो, मी सागाची जुनी पेटी आहे, पण मला पेटी म्हणून कुणी ओळखलंच नाही. सगळे मला 'सासू' म्हणत. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना बडनेऱ्याच्या पुढे एक जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्याच्या फाटकाला लागून माझी जागा होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपली विडी-काडी माझ्या पोटात ठेवायची आणि बाहेर पडताना घेऊन जायची, हा तिथला कायदा. "चाल बापा, सासूच्या हवाली कर," असं म्हणत माणसं खिसे रिकामे करीत. मला त्या नावाचा राग येत नसे. खरं सांगते, थोडी ऐटच वाटे.

देवमन सुताराने मला घडवलं. माझं लाकूड मेळघाटातलं, धारणीकडचं, आधी ते एका बैलबंडीत होतं. देवमनने माझ्या पोटात छोटे छोटे खण केले, कारण विडीच्या बाबतीत माणूस फार आपलं-परकं करतो. झाकण बसवून झाल्यावर त्याने स्वतःच्या कानावरची अर्धी विडी माझ्यात ठेवली आणि म्हणाला, "घे, पन खाऊन टाकू नको." त्या दिवसापासून मी कामाला लागले.

फाटकावर चौकीदार होता अब्दुल गफ्फार. तो माणसांचे खिसे पाही, धोतराची गाठ पाही, बंडीतला कडबासुद्धा उलटून पाही. पण जीभ गोड. "भाऊ, तुमची विडी तुमचीच हाय. फक्त आत तिचं काम नाही," असं तो म्हणे आणि चिडलेला माणूसही हसे. एका जागी मात्र गफ्फारचा हात जात नसे. म्हाताऱ्या माणसाच्या टोपीला तो कधी हात लावत नसे. आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या डोक्याला कुणी हात लावत नाही. त्यात गफ्फार मुसलमान, आणि समोर एखादा गावचा पाटील असायचा. बाजारात एका टोपीची गोष्ट कुठवर पोचेल याचा नेम नव्हता.

आता तुम्हाला ठाऊक नसेल अशी गोष्ट सांगते. विझवलेली विडी लगेच मरत नाही. चिमटीत दाबली, राख झाडली, तरी तिच्या आत एखादा कण जागा राहतो. झाकणाच्या आतल्या अंधारात मला तो ऐकू येई. बारीक चुरचुर, जणू कुणी दाताखाली वाळू चावतंय. म्हणून गफ्फार प्रत्येक खणाच्या तळाशी वाळू टाकत असे. मग ती चुरचुर हळूहळू थांबे आणि मला बरं वाटे.

जिनिंगच्या अंगणात कापसाच्या गंज्या लागत, घराएवढ्या उंच. त्यांच्या पायथ्याशी बाया बसत आणि कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि काडीकचरा वेचत. त्यांतली पार्बताबाई सगळ्यांत जुनी. कापसाचा फुफाटा छातीत जाऊन जाऊन तिला दमा जडला होता. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजे आणि मला फाटकापर्यंत ऐकू येई. भाकर खाल्ली की ती गंजीच्या पोकळीत अंग टाकी. तिला धूर अजिबात सोसत नसे. फाटकाबाहेर कुणी विडी ओढताना दिसला की ती तोंडाला पदर लावून म्हणे, "धूर तिकडे सोड नं बापा, मले जगू दे थोडं." माणसं हसत, पण तोंड फिरवत.

मग नापिकीची, कर्जाची वाईट वर्षं आली. कापसाच्या बंड्या येत, पण बंडीवरची माणसं बोलत नसत. एकाने आपलं विड्यांचं बंडल माझ्यात ठेवलं, कापूस उतरवला आणि मागच्या दाराने निघून गेला. तो घरी पोचलाच नाही, एवढंच आम्ही ऐकलं. गफ्फारने ते बंडल काढलं नाही आणि त्या खणात पुन्हा कुणी विडी ठेवली नाही. खण उघडाच होता, पण सगळ्यांचे हात तेवढी जागा चुकवून जात.

त्याच सुमारास सरकारने गांधीजयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढायला बंदी केली. मला हसूच आलं. जे आम्हाला इतकी वर्षं ठाऊक होतं, ते सरकारला आत्ता सुचलं होय! पण माणसं मात्र बिथरली. आधीच हातातून सगळं निसटत चाललेलं, त्यात विडीवरही मनाईची पाटी लागली.

दिवाळीनंतर एके दुपारी महादेवराव आले. काळ्या मातीचे मोठे शेतकरी, पांढरी स्वच्छ टोपी, पंचक्रोशीत मान. सकाळी त्यांना एस.टी. स्टँडवर एका पोरसवदा शिपायाने सगळ्यांदेखत विडी टाकायला लावली होती. तो राग अजून नाकावर होता.

"घरात सून टोकते, स्टँडवर पोलीस टोकते, आन् आता तू," ते गफ्फारला म्हणाले. "माणसाले सोताची म्हनून एक विडी बी नाही का रे? माह्या छातीचं मी पाहून घेईन."

"काकाजी, फाटकाबाहेर बसा, मी सोता काडी लावून देतो," गफ्फार म्हणाला. "आत तुमची एकट्याची छाती नाही नं."

महादेवरावांनी बंडल काढलं आणि माझ्यात आपटलं. पण फाटकाशी येताना त्यांनी एक विडी अर्धवट ओढून चिमटीत विझवली होती. ती कानावर होती. गफ्फार बंडीतला कडबा उलटायला वाकला तेवढ्यात ती टोपीच्या घडीत गेली. मी पाहिलं. तिची चुरचुरही मी ऐकली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी आख्खं बडनेरा जागं केलं असतं. गफ्फार ताठ झाला. त्याला तंबाखूचा ताजा वास आला असावा, कारण त्याची नजर टोपीवर थांबली. हात थोडा उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

"जा काकाजी," तो म्हणाला.

बंडी आत गेली, कापूस उतरला. महादेवरावांनी गंजीजवळ घाम पुसायला टोपी काढली आणि पुन्हा घातली. सगळं रोजच्यासारखं होतं. मग ते रिकामी बंडी घेऊन फाटकावर आले, बंडल घेतलं आणि सवयीने टोपीच्या घडीत बोटं घातली. बोटं तिथेच थांबली; घडी रिकामी होती. एकदा त्यांनी मागे गंजीकडे पाहिलं. गंजी पांढरीशुभ्र, शांत होती.

सांगितलं तर सगळ्या बाजारात नाव जाणार होतं. एवढा मोठा माणूस आणि टोपीत विडी लपवतो! ते फाटकाबाहेर गेले, बंडीच्या जुवाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी नवी विडी पेटवली. बाहेर ओढायला कुणाचीच मनाई नव्हती. ती त्यांनी शेवटपर्यंत ओढली. तेवढ्या वेळात मला अंगणातून चुरचुर ऐकू यायला लागली. इतक्या लांबून ती कधी ऐकू आली नव्हती. ती एका कणाची नव्हती. गंजीच्या खोल पोटात काहीतरी चरत होतं आणि वर एक तंतूही काळा झाला नव्हता.

थोटूक पायाखाली चिरडून महादेवराव परत आले. "गफ्फार," ते अगदी हळू म्हणाले, "माह्या टोपीतली विडी आत पडली."

गफ्फार पळाला. त्याने खांद्यापर्यंत हात गंजीत घातला आणि झटक्याने बाहेर काढला. घंटा वाजली, यंत्रांचे पट्टे थांबले, बाया फाटकाबाहेर आल्या. ज्वाळा कुठेच नव्हती. पायथ्याशी धुराची एक पातळ रेघ जमिनीला चिकटून सरपटत होती. त्यांतल्या गंगूबाईने सगळ्या बायांवर नजर फिरवली आणि म्हणाली, "पार्बता कुठी हाय?"

तिला पोकळीतून काढलं तेव्हा अंगावर एक फोड नव्हता. पापण्यांवर कापसाचे तंतू होते. कूस बदलून झोपल्यासारखी दिसत होती. तिला माझ्या समोरून नेलं. मी तिच्या श्वासाच्या शिट्टीची वाट पाहिली. ती वाजलीच नाही. डॉक्टर म्हणाले, धुराने गुदमरली; जरा आधी काढली असती तर वाचली असती.

महादेवरावांनी सगळ्यांसमोर आपलं सगळं सांगितलं. मग टोपी काढून माझ्यात ठेवली आणि बोडक्या डोक्याने गेले. ती टोपी न्यायला ते आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर येणारा प्रत्येक म्हातारा, कुणी न सांगता, गफ्फारसमोर टोपी काढून झटकू लागला. फारच उशिरा सुरू झाली ही रीत. मला आजही त्याचा संताप येतो.

पुढे जिनिंग बंद पडलं. गफ्फारने मला घरी नेलं, खण काढले, सोड्याने धुतलं, उन्हात वाळवलं. आता त्याची लेक नगमा माझ्यात रजया ठेवते. घरात विडी कुणीच ओढत नाही. तरी कापसाचा हंगाम आला की नगमा आईला विचारते, "अम्मी, पेटीतून धुराचा वास कावून येते?" आणि झाकण लावून ती वळली की माझ्या आत, रजयांच्या खाली, एक श्वास शिट्टीसारखा वाजू लागतो. नगमा थबकते. झाकण उघडते. आत रजयाच असतात. तिने झाकण लावलं की तो पुन्हा सुरू होतो. मी त्याला सांभाळून ठेवते. दुसरं काय करू?

मित्रांनो, तुमचं सुख तुमचं आहे, ते कुणी हिसकावून घेऊ नये, हे मलाही पटतं. माझ्यात ठेवलेली एकही विडी मी कधी खाल्ली नाही. पण हवा सगळ्यांची असते, आणि तिथे कुणीतरी झोपलेलं असतं, हे तेवढं बघत जा. आणि चूक झालीच, तर लाजत उभे राहू नका. मी लाकडाची, मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं. पळत जा आणि सांगा.