कौसाबाईचा मुराळी

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. शाळेच्या पुस्तकात विमानाला 'ते' म्हणतात. मला मात्र एका बाईने भाऊ म्हटले, तेव्हापासून मी स्वतःला 'तो'च म्हणवतो. ते कसे, ते पुढे येईलच.

माझ्या उड्डाणांचे काय सांगू! एकदा तोरणमाळच्या तळ्यावरून मी इतका खालून गेलो, की तळ्यातले मासे चाकांना चिकटून थेट लंडनला उतरले. तिथले शहाणे लोक अजून पुस्तके चाळताहेत, हे मासे कोणत्या जातीचे म्हणून. दुसऱ्या खेपेला तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ ढगात एक म्हैस अडकलेली दिसली. तिला पाठीवर घेतले आणि दुबईला सोडले. ती तिकडे वाळू खाऊन खान्देशी दूध देते, असे ऐकतो. हसताय? हसून घ्या. पुढे हसायला जागा फारशी नाही.

खरे विचाराल तर मी प्लॅस्टिकचा आहे. हातभर लांब. सुरतेच्या एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो. पोटात इंजिन नाही, खुर्च्या नाहीत. खिडक्या म्हणून निळी चिकटपट्टी लावलेली. शहाद्याच्या करणसिंग गिरासेने मला विकत आणले आणि एसटी स्टँडसमोरच्या आपल्या दुकानात, काउंटरवर, स्टीलच्या दांडीवर बसवले. दुकानावर पाटी होती: 'देश-विदेश विमान तिकीट, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो'. विदेशाचे गिऱ्हाईक क्वचित यायचे, झेरॉक्सचे रोज. पण मान मलाच होता. दुबईला गवंडीकामाला निघालेला माणूस जाताना माझ्या नाकाला हात लावून पाया पडायचा. रशियाला डॉक्टरकी शिकायला निघालेली मुलगी माझ्या शेजारी उभी राहून फोटो काढायची. करणसिंग रोज सकाळी मला फडक्याने पुसायचा, आधी मला, मग देवाला. तेव्हा माझी छाती अशी फुगायची, की दांडी वाकेल असे वाटे.

अशा माझ्या भरभराटीच्या दिवसांत एका बाजाराच्या दिवशी बन्सीलाल आप्पा दुकानात आले. तापीकाठचे केळीवाले. घरचे चांगले होते, मन त्याहून चांगले. अडचण एकच होती, आपल्याला व्यापार कळतो असे त्यांना वाटायचे. त्यांची एकुलती एक मुलगी रोहिणी गेल्या वर्षी लग्न होऊन नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली होती. आणि आता लग्नानंतरची पहिली आखाजी जवळ येत होती.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा लेकींचा सण. लेकीला आम्ही आंडेर म्हणतो. सासरच्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण मुलगी अशी उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर मुलीने समजायचे, माहेर आटले.

रोहिणी फोनवर म्हणाली होती, "बाबा, मी काढस ना तिकीट. तुम्ही काब्रं तरास करतस?"

आप्पा उसळले होते. "आंडेर सोतानं भाडं भरीसन माहेर येस का? तुले भाऊ नही, तुन्हा बापकडे पासपोर्ट नही. मंग तिकीटच तुन्हा मुराळी!"

तर तो मुराळी शोधायला आप्पा आले होते. करणसिंगने संगणकावर बोटे चालवली. टोरांटोहून मुंबई. भाव चांगला निघाला.

"आप्पा, आजच तिकीट लई टाका. उद्या हाऊ भाव ऱ्हावाव नही."

आप्पा हसले. माझ्या पाठीवरून, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला. "करणसिंग, तू गिरासे शे, केळीवाला नही. पिकेल केळं सांजले कोन ठेवस? बाजार उठाना टाइमले पडेल भावमा देनंच पडस. मी सांगस तुले, जहाज सुटानी येळ जवळ उनी, का भाव उतरस. रिकामी खुर्ची लई उडी का तो?"

मला वाटले, काय हुशार माणूस आहे! माझ्या पोटात खुर्च्याच नाहीत. मला काय कळणार?

पुढच्या बाजाराला भाव चढला. आप्पा म्हणाले, व्यापारी आधी चढवतो, मग उतरवतो. त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी चढला. आप्पांनी संगणकाच्या पडद्यासमोर हात जोडले आणि करणसिंगला म्हणाले, "जरासा कमी कर म्हना त्याले. कायमनं गिऱ्हाईक शे म्हना."

"आप्पा, हाई यंत्र शे. याले मामा नही का काका नही."

करणसिंगही काही कमी नव्हता. कोणी म्हणे, अमुक वारी स्वस्त मिळते. कोणी म्हणे, एकदा पाहिलेले पान पुन्हा उघडले की यंत्र ओळखते आणि भाव वाढवते. मग तो पडदा पुसून नव्याने उघडायचा, जणू यंत्राला वेश पालटून भेटत होता. एकदा बराच स्वस्त भाव सापडला. आप्पा खुर्चीतून उठले. पण ते विमान आखाजी उलटल्यावर उतरत होते. आप्पा परत बसले.

आता मुख्य गोष्ट. रोहिणीची आई कौसाबाई. तिच्या हृदयाने हात टेकले होते, छातीत पाणी होत होते. शहाद्याच्या डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितले होते, की जवळच्या माणसांना बोलवायचे असेल तर उशीर करू नका. आप्पांनी ते रोहिणीला सांगितले नाही. परक्या मुलखात पोर घाबरेल, म्हणून. आणि भाव उतरण्याची वाट पाहत राहिले, कारण आखाजीला अजून अवकाश होता आणि आखाजीपर्यंत कौसाबाई कुठे जात नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

डॉक्टरांनी हे सांगितले त्याच दिवशी दवाखान्यातून परतताना ती दुकानात दम खायला टेकली. मला पाहिले.

"हाऊ शे का तो? मन्ही आंडेरले आनाले जाई तो?"

करणसिंगला ना म्हणवेना. "हाऊच, काकू."

"मंग याले घर ऱ्हाऊ द्या. मुराळी निघाना आधी त्याले कुंकू लावनं पडस."

करणसिंगने मला दांडीवरून काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. मित्रांनो, तो माझा पहिला खरा प्रवास. शहाद्याहून तापीकाठापर्यंत, रिक्षातून.

घरी तिने मला दारासमोरच्या खिडकीत ठेवले, नाक दाराकडे. नाकावर कुंकू लावले. गुळाचा खडा टेकवला. "जाय भाऊ," ती म्हणाली, "मन्ही रोहिणीले लई येजो. वाटमा कोठे थांबू नको." त्या गुळाला मुंग्या लागल्या आणि चिकटपट्टीच्या फटीतून माझ्या पोटात शिरल्या. माझे पहिले आणि शेवटचे प्रवासी.

मी निघालो नाही. कसा निघणार?

दुपारी घरात कोणी नसले की ती माझ्याकडे पाहत पडायची. मग मी मला येते तेवढेच करायचो, थापा मारायचो. आज रोहिणी समुद्रावर आहे, कौसाबाई. आज तिने ढगात हात घातला आणि ओला करून घेतला. आज विमानातल्या सगळ्यांना तिने खापरावरच्या पुरणपोळ्या शिकवल्या, वैमानिक पीठ मळतोय. माझे बोलणे माणसांना ऐकू येत नाही म्हणतात. पण ती मान डोलवायची. कदाचित धापेने हलत असेल.

अंगणात आप्पांनी निंबाला झोक्याचा दोर आधीच बांधून ठेवला होता. वाऱ्याने तो हलला की ती विचारायची, "ओ, कव्हय येई ती?"

"येई, येई. भाव उतरू दे."

"तुम्हना भाव उतरी तवलोंग मी वर चढी जासू!"

आप्पा हसले. तीही हसली, मग खोकली, आणि खोकला लवकर थांबला नाही. त्या खोकल्यात आप्पांचे हसू कसे विझत गेले, ते मी खिडकीतून पाहिले. टोपी न घालताच ते शहाद्याला पळाले.

दुकानात काय झाले ते करणसिंगने पुढे सांगितले. बाजार उठत होता. भाजीवाल्या उरलेली मेथी मिळेल त्या भावात देऊन टाकत होत्या. आप्पा म्हणाले, काय असेल तो भाव, दे. करणसिंगने शोधले. सुट्ट्या लागल्या होत्या, जगभरची माणसे घरी निघाली होती. रिकामी खुर्चीच नव्हती. शेवटी एक मिळाली, तिप्पट भावाची, दोन ठिकाणी उतरून, नेमकी आखाजीच्या पहाटे मुंबईला पोचणारी. आप्पांनी ती घेतली. भाव विचारलाही नाही.

कौसाबाई आखाजीच्या आदल्या दिवशी गेली.

तिला उचलताना घरात गर्दी झाली. कोणाचा तरी कोपर लागून मी खिडकीतून पडलो आणि माझा डावा पंख तुटला. मला त्याचे काही वाटले नाही. ज्या पंखाने कधी हवा कापली नाही, तो गेला काय आणि राहिला काय!

रोहिणी आखाजीला सांजवेळी आली. शेजारच्या अंगणात मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ती दारात दिसताच गाणे मधेच तुटले. आमच्या निंबाचा दोर तसाच लोंबत होता. आप्पा ओट्यावर बसले होते. मुंबईला उतरताच तिला फोनवर सगळे कळले होते. ती काही रडली नाही. इतकेच म्हणाली, "बाबा, माय आजारी शे, हाई माले सांगं का नही?"

"तू घाबरी जाती."

"आनि तिकीट? मी काढी टाकतू ना!"

आप्पा म्हणाले, "मी थांबनू बेटा. भाव उतरी म्हनीसन."

ती आत आली. कोणीतरी मला उचलून परत खिडकीत ठेवले होते, एकपंखी, कलता. तिने माझ्या नाकावरचे कुंकू पाहिले. "हाई काय शे?"

"तुन्हा मुराळी," आप्पा म्हणाले. "तुन्ही मायनी धाडेल."

तेव्हा ती रडली. मला छातीशी धरून रडली, आणि मी, ज्याने म्हैस दुबईला सोडली, मासे लंडनला उतरवले, त्या मला त्या पोरीला सांगण्यासारखी एक थाप सुचली नाही.

रोहिणी परत गेली. पावसाळ्यात भाव खरोखरच उतरला. करणसिंग गावात आला होता, बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेले. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. करणसिंगने मला परत मागितले नाही. आता मी इथेच खिडकीत आहे. पंखावर धूळ आहे, पोटात मेलेल्या मुंग्या आहेत. मी थापा मारणे सोडले आहे. ऐकणारे माणूस नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी दाराकडे तोंड करून वाट पाहत असेल. केळीच्या भावाने त्याचा हिशोब करू नका. ते माणूस बाजार उठेपर्यंत थांबेल, असे कोणी लिहून दिलेले नाही. आणि कधी तापीकाठी आलात, या घरात शिरलात, तर माझी धूळ जरूर झटका. तुटका पंख सापडला तर चिकटवा. फक्त नाक दाराकडेच राहू द्या आणि त्यावरचे कुंकू पुसू नका. तिने मला पाठवले आहे, आणि मी अजून निघालेलो नाही.