एकोणीस फ्रॉक

शिंपिणीच्या कापड कापायच्या टेबलावर एकोणीस फ्रॉक होते. सतरा सुती, दोन लोकरी. अठरा पूर्ण, एकाची खालची दुमड राहिलेली. शेजारी टाचण्यांची डबी आणि चारच्या गाडीची दोन तिकिटं.

फ्रॉक घेऊन आलेली बाई मुलीची जन्मदाती. मुलगी दोन वर्षांची असताना तिने तिला या शिंपिणीच्या पदरात टाकलं होतं.

"दर वाढदिवसाला एक शिवला," ती म्हणाली. "आता माझं घर आहे. चल माझ्याबरोबर."

"एकोणीस वर्षांत साधी चौकशी नाही," शिंपीण मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "आयत्या बिळात नागोबा."

आईने साधी चौकशीही केली नाही, हेच ऐकत मुलगी वाढली होती. तिने गळ्यातली टेप काढली आणि एकेक फ्रॉक मोजायला घेतला.

"हिला साप चावला तरी आधी त्याची लांबी मोजेल," शिंपीण पुटपुटली. कुणी हसलं नाही.

पहिल्या सात फ्रॉकचे खांदे सारखे होते. पुढच्या बाराही फ्रॉकचा डावा खांदा सव्वा सेंटीमीटर खाली. नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडून मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचा खांदा तेवढाच उतरला होता. बाहेर कुणाला ते दिसत नसे. शिंपीण कपडाच तसा बेतायची. अंदाजाने हे जमणारं नव्हतं.

"आई, मापं कुणी दिली?"

मशीन थांबलं.

"ती पत्र पाठवायची. मापं मागितली, दिली. तुला मागितलं असतं तर दिलं नसतं."

"आणि मला सांगितलंस, तिने कधी विचारलंच नाही."

"खरं सांगितलं असतं तर गेली असतीस."

जन्मदातीने पटकन तिकिटं उचलली. "पावणेचार झाले. येतेस ना?"

मुलगी आत जाऊन शेवटचा फ्रॉक घालून आली आणि टेबलावर चढून उभी राहिली.

"चारला मी येत नाही. तुम्हीही जाऊ नका, ही दुमड राहिलीय," ती जन्मदातीला म्हणाली. मग शिंपिणीकडे वळली. "तुझ्या खोटेपणाचं नंतर बघू. आधी टाचण्या घे."

डावीकडे शिंपीण आली, उजवीकडे जन्मदाती. दोघी एकाच डबीतून टाचण्या घेत होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी खाली उतरली, आरशासमोर ताठ उभी राहिली आणि दोघींकडून दुमडीची जमिनीपासूनची उंची मोजून घेतली. डावीकडे एकतीस सेंटीमीटर. उजवीकडे साडेतीस. ती पुन्हा टेबलावर चढली.