मैंदर्गीचा मुऱ्हाळी

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि कुंभारीचा कोंडीबा पळतच सोलापूर स्टेशनात शिरला. उद्या नागपंचमी. मैंदर्गीला दिलेल्या गोजर बहिणीला माहेरी आणायचं होतं. तिच्या सासूनं, रंभाबाईनं, निरोपच तसा धाडला होता : "आज दिवे लागायच्या आत मुऱ्हाळी आला तर पोर धाडीन. न्हायतर दिवाळीपतोर नाव काढायचं न्हाय." बाई शब्दाची पक्की. गेल्या साली कोंडीबा वाटेत अक्कलकोटात कीर्तनाला टेकला, आणि गोजरची पंचमी सासरीच भाकऱ्या थापण्यात गेली.

गाडीचा पत्ता नव्हता. तीच गाडी धरायला कीर्तनकार नरसूबुवा मुसाफिरखान्यात बसलेले. चार भाविक दिसले की बुवांना देऊळ काय आणि स्टेशन काय! उपरणं कमरेला बांधून त्यांनी झांज काढली. संगप्पा हमालानं रॉकेलचा रिकामा डबा पुढ्यात ओढून असा ठेका धरला, की पखवाजानं मान खाली घालावी.

द्रौपदीचं आख्यान! "गाडी येईपतोरच हां," असं स्वतःलाच बजावून कोंडीबानं पहिल्या रांगेत मांडी ठोकली.

बुवांनी कौरवसभा अशी उभी केली, की भजीवालीनं अख्खा घाणा करपू दिला. इतक्यात गाडी धापा टाकत फलाटाला लागली. कोणी हललं नाही. आरतीआधी उठणाऱ्याचं पुण्य जोड्यापाशीच राहतं, हे कोण जाणत नाही? घंटा झाली. कोंडीबाच्या पायांना मुंग्या आल्या, पण नजर बुवांवरून हटेना.

"देवानं हातातला घास टाकला! रुक्मिणी म्हणते, अहो, हात तर धुवा. देव म्हणतात, बहीण वाट पाहते गं—"

कोंडीबा ताडकन उठला.

"बस की मर्दा खाली!" संगप्पा गुरकावला. "आरती व्हायची हाय. पाप लागंल."

"लागू दे! देव खरकट्या हातानं पळाला, आन् मी आरतीसाठी बसू व्हय? बुवा, पाया पडतो, पर तुमीच उठवलं मला!"

बुवांनी गाडीकडं पाहिलं. मग झांज बगलेत मारून ओरडले, "अरे, मलाही ह्याच गाडीनं जायचंय की!"

झालं. पांडव-कौरव एकमेकांना तुडवत पळाले. बुवा खिडकीतून आत गेले, पाय तेवढे बराच वेळ बाहेर राहिले. तिसऱ्या वर्गाची दारं माणसांनी बुजली, आणि सगळ्यांत आधी उठलेला कोंडीबा फलाटावरच. गाडी हलली.

"थांबवा वो! भैन हाय माजी!"

शेवटच्या डब्यातून एका हातानं त्याला बखोटीला धरून आत ओढलं. गोव्याकडचे गार्डसाहेब! निशाण बगलेत धरून तेही लांबून ऐकत होते.

"चुकलं सायेब."

"ते राहू दे. देव पोचला की नाही?"

कोंडीबानं पागोटं सारखं केलं, घसा खाकरला, आणि होटगी स्टेशन यायच्या आत देवाला हस्तिनापुरात पोचवलं.

मैंदर्गीत शिरला तेव्हा उन्हं कलली होती, पण दिव्यात तेल पडायचं होतं. रंभाबाई उंबऱ्यातच बसलेली, आणि तिच्यामागं गोजर, गाठोडं बांधून.

"काय रं पावण्या, यंदा वाटंत कीर्तन न्हवतं व्हय?"

"व्हतं की मावशी," कोंडीबा म्हणाला. "अर्दं तर मीच केलं."