बर्फमास्तरचा भोंगा

वोब्बे टेरपस्ट्राच्या पोटात शुक्रवारपासून गोळा उठला होता, आणि तो काही गारठ्याचा नव्हता.

गावाबाहेरच्या कुरणात नोव्हेंबरात पाणी सोडायचं आणि गोठलं की त्यावर स्केटिंग करायचं, ही फ्रीसलंड या डच प्रांतातल्या वोब्बेच्या गावाची जुनी रीत. कुरण नगरपालिकेचं. आता चौदा घरं बांधायला एक बिल्डर त्यावर टपून बसलेला. त्याला विकायचं, की स्केटिंगच्या मंडळाला दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं, यावर मंगळवारी सभेत मतदान होतं. वोब्बे मंडळाचा बर्फमास्तर. बर्फ सात सेंटीमीटर झाला की फाटक उघडायचं ते त्यानं, आणि त्याचा भोंगा वाजला की कुणीही असो, निमूट काठावर यायचं.

चार हिवाळे बर्फ धरलाच नव्हता. यंदा धरला, तो नेमका मतदानाच्या तोंडावर. मंडळाचा अध्यक्ष गोस्से बेइल्स्मा लई उत्साही माणूस. त्यानं लगोलग सगळ्या नगरसेवकांना शनिवारी सकाळी वाटाण्याच्या सूपाचं आवतण धाडलं. रविवारपासून पाऊस सांगितलेला, म्हणजे दुसरा दिवस नव्हताच.

शुक्रवारी वोब्बेनं गिरमिटानं भोकं पाडून पट्टी घातली. सगळीकडे सात. पाणी सोडायच्या पंपाच्या कोपऱ्यात चार. बाकी कुरणात पाणी गुडघाभर, पण तिथं खाली पंपाचा खड्डा, दोन पुरुष खोल. आणि तिथंच बर्फ का धरला नाही, तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी तो स्वतःच त्या कोपऱ्यात बदकांना शिळा पाव टाकायचा. बदकं पोहत राहिली, पाणी हलत राहिलं. तीस वर्षांचा बर्फमास्तर, आणि एवढी साधी गोष्ट विसरला.

त्यानं गोस्सेला सांगितलं, उघडत नाही.

"दोरी बांध की कोपऱ्याला," गोस्से म्हणाला. "अरे वोब्बे, बंद फाटक दाखवून कुरण मागायचं होय रे? मंगळवारी हरलो तर ती चौदा घरं तुझ्या नावानं ओळखतील."

वोब्बेनं दोरी बांधली. गवताचे भारे लावले. शनिवारी दहाला फाटक उघडलं.

सारं गाव लोटलं. जमिनीचा कारभार बघणाऱ्या नगरसेविका हिल्केमाबाईही आल्या. विकायच्या बाजूचा सगळा जोर त्यांचाच. तीस वर्षांत स्केट पायात घातले नव्हते, म्हणून लहान पोरांसारखी स्वयंपाकघरातली खुर्ची पुढं ढकलत निघाल्या. लोक हसले, त्याही हसल्या. वोब्बेला हसू आलं नाही. तो कान देऊन उभा होता. चांगला बर्फ बारीक आवाजात कुरकुरतो, त्याची चिंता नसते. पण सूपाच्या टपरीपाशी गर्दी दाटली, कोपऱ्याकडं सरकायला लागली, तसा बर्फातून जाड, दबका आवाज आला. हिल्केमाबाईंची खुर्ची दोरीच्या रोखानं निघालेली, आणि बाईंना थांबायचं कसं तेच ठाऊक नव्हतं.

त्यानं भोंगा तोंडाला लावला.

फाटक उघडून अकरा मिनिटं झाली होती. बाईंना दोघांनी धरलं, सगळे काठावर आले. आणि बर्फ? बर्फ जसाच्या तसा. तडासुद्धा नाही.

"बर्फाच्या आधी मास्तरच फुटला," बेकरीवाला म्हणाला. गोस्से सूपाची टपरी आवरायला लागला, ते जास्त लागलं. घरी बायकोनं, येल्ट्येनं, सूप पुढं ठेवलं. त्यानं वाडगा बाजूला सारला. आपण खरंच ऐकलं, की भीतीनं ऐकवलं? रविवारी पावसात सगळं विरघळलं. आता कळायला मार्गच नव्हता.

मंगळवारी सभेत मंडळाला बोलायला पाच मिनिटं मिळाली. हिल्केमाबाईंनी गोस्सेला बसवलं आणि वोब्बेला उभं केलं.

"शनिवारी घाबरलात का, टेरपस्ट्रा?"

"घाबरलो."

"मग उघडलं कशाला?"

वोब्बेला खोटं सुचेना. "तेव्हा तुम्हाला घाबरलो होतो, बाई. कोपऱ्यात चारच होता. तोही माझ्याच बदकांपायी. उघडायला नको होतं."

गोस्सेनं डोक्याला हात लावला. बाई मात्र सभेकडं वळल्या. मग म्हणाल्या, पट्ट्यानं दिलं आणि उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण, या एकाच धास्तीनं आपण विकायच्या बाजूला होतो. इथं एक माणूस आहे, ज्यानं सगळं घालवायची तयारी ठेवून भोंगा वाजवला. तो जबाबदारीची सही करणार असेल तर आपलं मत पट्ट्याला.

नऊ विरुद्ध आठ. कुरण वाचलं.

पट्ट्यात नवं कलम आलं: बर्फाची जबाबदारी बर्फमास्तरची, जातीनं. गोस्सेनं पेन पुढं केलं. वोब्बेनं सही केली, पण अक्षर असं आलं की त्याचं त्यालाच वाचवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बदकांचा पाव बंद केला. पुढच्या आठवड्यात रेडिओनं कडाक्याची थंडी सांगितली, आणि सारं गाव माळ्यावरचे स्केट काढायला लागलं. वोब्बे तेवढा गिरमिट मांडीवर घेऊन बसला होता, पोटातला गोळा सांभाळत.